गवतात लपलेला प्लेअर दिसतो कसा? ‘स्टेल्थ’ ऑनलाइन गेम्समागचं गणित

बीजीएमआय खेळणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत हे एकदा तरी घडलेलं असतं. शेवटचे दहा-बारा प्लेअर उरलेत, सर्कल लहान होत चाललंय आणि तुम्ही उंच गवतात पोटावर झोपलात. स्क्रीनवर चारही बाजूंनी गवतच गवत. हलायचं नाही, बाकीच्यांना आपसात लढू द्यायचं, असा साधा प्लॅन. तेवढ्यात दोनशे मीटरवरून एक गोळी येते आणि खेळ खल्लास.

मग गाव दारव्हा असो की दादर, पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘समोरचा हॅकर होता.’

बहुतेक वेळा तो हॅकर नसतो. त्याच्या मोबाइलवर ते गवत नसतंच. गवताचं एकेक पातं दाखवायचं म्हटलं तर फोनच्या प्रोसेसरवर प्रचंड ताण येतो, म्हणून ठरावीक अंतरापलीकडचं गवत गेम काढूनच टाकतो. लांबून बघणाऱ्याला फक्त हिरवी जमीन दिसते आणि त्यावर आडवा पडलेला माणूस. म्हणजे आपण गवतात लपलोय हे फक्त आपल्यालाच माहीत असतं.

लपून खेळायच्या ऑनलाइन गेम्सची सगळी गंमत आणि सगळी भांडणं याच एका गोष्टीत आहेत. कुणाला काय दिसतं, कुणाला काय ऐकू येतं आणि ते ठरवतं कोण? यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे गेम म्हणजे पीसी किंवा प्लेस्टेशन नसून घरातला एकमेव बरा अँड्रॉइड फोन असतो, तिथे हा प्रश्न आणखी वेगळा होतो. त्या फोनवर गेमही असतो आणि वडिलांचं यूपीआयही.

‘स्टेल्थ’ म्हणजे काय?

समोरच्याला पत्ता लागू न देता काम उरकणं म्हणजे स्टेल्थ. नेमबाजीच्या गेममध्ये हात चपळ लागतो, स्टेल्थमध्ये अंदाज लागतो. समोरचा कुठे बघतोय, आपल्या पावलांचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला का, तो आता कुठे वळेल. मराठी माणसाला हे नवीन नाही. लपाछपी, डबा ऐसपैस, विदर्भात रेसटीप, सगळे याच जातीचे खेळ. (‘ऐसपैस’ हा ‘आय स्पाय’ या इंग्रजी खेळाच्या नावाचा अपभ्रंश असल्याचं सांगितलं जातं. तो शब्द आता इतका आपला झालाय की मूळ कुणाला आठवतही नाही.)

कॉम्प्युटरवर हा प्रकार बराच जुना आहे. 1981 साली ॲपल टू कॉम्प्युटरसाठी ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ नावाचा गेम आला. नाझींच्या किल्ल्यात अडकलेला कैदी, आणि त्याला पहारेकऱ्यांना चुकवत बाहेर पडायचंय. पण या प्रकाराला खरं वळण मिळालं ते एका अडचणीतून. 1987 साली जपानमध्ये कोनामी कंपनीत हिदेओ कोजिमा या तरुण डिझायनरकडे एमएसएक्स टू कॉम्प्युटरसाठी युद्धाचा गेम करायचं काम होतं. पंचाईत अशी की त्या मशिनला एका वेळी स्क्रीनवर फार शत्रू आणि फार गोळ्या दाखवणं झेपत नव्हतं. दोन-चार शत्रूंत युद्ध कसलं दाखवणार? कोजिमांनी युक्ती केली. लढायचंच नाही, लपत जायचं. त्यातून ‘मेटल गिअर’ जन्माला आला.

पुढे 1998 या एकाच वर्षात ‘मेटल गिअर सॉलिड’, ‘थीफ’ आणि ‘तेन्चू’ असे तीन गाजलेले स्टेल्थ गेम आले. यातल्या ‘थीफ’ने आवाजाचा हिशेब मांडला. फरशीवर चाललात तर बुटांचा आवाज, गालिच्यावर चाललात तर शांतता. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची आणि अंधारात सरकायचं. आज बीजीएमआयमध्ये हेडफोन लावून ‘फूटस्टेप’ ऐकणारी पोरं जे करतात, त्याची मुळं इथे आहेत.

या जुन्या गेम्समध्ये एक सोय होती. पहारेकरी कॉम्प्युटर होता. त्याला पुढच्या एका त्रिकोणापुरतंच दिसायचं. संशय आला तर तो दोन मिनिटं शोधाशोध करायचा आणि मग ‘काही नव्हतं बहुतेक’ म्हणत पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहायचा. मेलेला जोडीदार शेजारी पडलेला असला तरी. खरा माणूस असं विसरत नाही.

समोर माणूस आला की नियम बदलतात

म्हणूनच स्टेल्थ गेम ऑनलाइन नेणं अवघड होतं. सगळेच लपून बसले तर गेम पुढे सरकणार कसा? यावर वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळी उत्तरं शोधली, आणि ती खरोखर हुशार आहेत.

युबीसॉफ्टच्या ‘स्प्लिंटर सेल: पॅन्डोरा टुमॉरो’ने 2004 मध्ये दोन्ही बाजूंना वेगळे डोळे दिले. दोन गुप्तहेर विरुद्ध दोन भाडोत्री सैनिक. सैनिकाला फक्त त्याच्या नाकासमोरचं दिसतं, पण त्याच्या हातात बंदूक आहे. गुप्तहेराला कॅमेरा फिरवून स्वतःच्या मागचं, कोपऱ्यापलीकडचंही दिसतं, पण त्याच्याकडे जीव घेणारी बंदूक नाही. एकाकडे ताकद, दुसऱ्याकडे माहिती. यातल्या कुठल्या बाजूने खेळायचं यावर जुने चाहते आजही वाद घालतात.

2010 च्या ‘असॅसिन्स क्रीड: ब्रदरहूड’ने गर्दी वापरली. बाजारात तुमच्यासारखेच दिसणारे अनेक लोक फिरतायत, ते कॉम्प्युटर चालवतो. तुम्ही त्यांच्यासारखं निवांत चालायचं. जो घाईने पळाला तो माणूस आहे हे लगेच कळतं. वणीच्या आठवडी बाजारात एकटाच माणूस धावत सुटला तर सगळे त्याच्याकडेच बघणार, तसं.

आणि 2018 मध्ये इनरस्लॉथ या छोट्याशा कंपनीचा ‘अमंग अस’ आला. यात कुणी अंधारात लपतच नाही. सगळे सगळ्यांसमोर असतात, लपवायचं असतं ते फक्त ‘मी कोण आहे’ हे. दोन वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 2020 च्या लॉकडाउनमध्ये मात्र तो जगभर पसरला, भारतातही.

पुण्याचं कनेक्शन

त्याच लाटेवर पुण्यातून एक गेम आला. सुपरगेमिंग या पुण्याच्या कंपनीने 2021 मध्ये ‘सिली रॉयल’ बाजारात आणला, पुढे त्याचं नाव ‘सिली वर्ल्ड’ झालं. गटात दडलेला सैतान ओळखायचा, लपाछपी खेळायची, तुरुंगातून पळायचं, असे त्यातले मोड. वेळही जमून आली होती. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह 118 ॲप्सवर बंदी घातलेली होती आणि पोरांचे फोन रिकामे झाले होते.

याच कंपनीचा ‘इंडस’ हा बॅटल रॉयल गेम 16 ऑक्टोबर 2024 ला आला. त्यात शेवटपर्यंत लपून राहणाऱ्यांसाठी एक तोड काढलेली आहे. मॅचच्या अखेरीस ‘कॉस्मियम’ नावाची वस्तू प्रकट होते आणि ती ताब्यात घेणाराही जिंकू शकतो. म्हणजे कोपऱ्यात दबा धरून बसलेल्याला कधीतरी बाहेर यावंच लागतं. पबजीतलं लहान होत जाणारं सर्कल तेच काम करतं, फक्त वेगळ्या रीतीने.

‘स्प्लिंटर सेल’ आणि ‘असॅसिन्स क्रीड’ करणाऱ्या युबीसॉफ्टचाही स्टुडिओ 2008 पासून पुण्यात आणि 2018 पासून मुंबईत आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: सॅन्ड्स ऑफ टाइम’चा रिमेक 2020 मध्ये याच दोन स्टुडिओंच्या नावाने जाहीर झाला होता. 2022 मध्ये तो काढून कॅनडातल्या मॉन्ट्रियलला देण्यात आला, तो भाग वेगळा.

खरं कोण बघतं? सर्व्हर

आता पुन्हा गवताकडे. तुमच्या फोनवर जे दिसतं ते खरं नसतं, ती खऱ्याची एक प्रत असते. खरा खेळ कंपनीच्या सर्व्हरवर चालू असतो. तुम्ही बोट सरकवलं की फोन सर्व्हरला सांगतो, ‘हा दोन पावलं पुढे गेला.’ सर्व्हर ते मान्य करतो आणि बाकीच्यांना कळवतो. हे एका सेकंदात अनेकदा होतं. किती वेळा, यावर गेमची अचूकता ठरते. ‘व्हॅलोरंट’सारख्या पीसी गेमचा सर्व्हर सेकंदाला 128 वेळा हिशेब करतो. सेकंदाला 20 वेळा हिशेब करणाऱ्या सर्व्हरवर दोन हिशेबांच्या मध्ये 50 मिलिसेकंद जातात. तेवढ्यात माणूस भिंतीआडून डोकावून परतही जाऊ शकतो.

इथेच चीटिंगची फटही आहे. भिंतीपलीकडचा शत्रू तुमच्या स्क्रीनवर दिसत नसला तरी त्याची जागा तुमच्या फोनला आधीच कळवलेली असू शकते. कारण तो बाहेर आला की लगेच दाखवता यायला हवा. ‘वॉलहॅक’ म्हणजे फोनमध्ये येऊन पडलेली हीच माहिती उकरून काढणं. चोर तिजोरी फोडत नाही, तिजोरीची किल्ली तुमच्याच घरात ठेवलेली असते. यावर उपाय एकच, जे दिसायला नको ते पाठवायचंच नाही. व्हॅलोरंटच्या रायट कंपनीने ‘फॉग ऑफ वॉर’ नावाने हेच केलं. शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा तुमच्या कॉम्प्युटरला मिळतच नाही. पण त्यासाठी कोण कुणाला दिसू शकतं हे सर्व्हरला सतत मोजत राहावं लागतं. पाच विरुद्ध पाचच्या छोट्या मॅपवर ते जमतं. 100 प्लेअर आणि 8 बाय 8 किलोमीटरचा एरँगल मॅप म्हटलं की तेच काम कितीतरी पटीने जड होतं.

यवतमाळहून मुंबई सहा मिलिसेकंद, मग पिंग इतका का?

यवतमाळ ते मुंबई सरळ रेषेत अंतर साधारण पावणेसहाशे किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे गेमचा सर्व्हर मुंबईत असेल तर तिथे जाऊन परत यायला जेमतेम सहा मिलिसेकंद लागायला हवेत. कुठल्याही गेमसाठी हे उत्तमच.

प्रत्यक्षात स्क्रीनवर पिंग त्याच्या कितीतरी पट दिसतो, कारण डेटा सरळ रेषेत जात नाही. फोनपासून टॉवर, टॉवरपासून कंपनीचं जवळचं केंद्र, तिथून मोठ्या शहरातून वळसा, मग सर्व्हर. यातला सगळ्यात बेभरवशाचा टप्पा पहिलाच, म्हणजे फोन ते टॉवर. झरी जामणी किंवा मारेगावकडच्या एखाद्या गावात एकाच टॉवरवर आजूबाजूची अनेक गावं असतात. दुपारी शेतात माणसं असताना नेटवर्क मोकळं, आणि रात्री आठनंतर सगळ्यांचे व्हिडिओ एकदम सुरू. मग तोच पिंग शकुंतलेच्या वेगाने धावू लागतो. (यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजची गंमत ज्यांनी अनुभवली, त्यांना वेगळं सांगायला नको.)

स्टेल्थमध्ये याचा फटका एका ठरावीक पद्धतीने बसतो. भिंतीआड दबा धरून बसलेल्यापेक्षा कोपऱ्यातून बाहेर डोकावणाऱ्याला फायदा होतो. डोकावणाऱ्याला समोरचा लगेच दिसतो, कारण तो तिथेच स्थिर बसलेला असतो. पण डोकावणारा बाहेर आलाय ही खबर बसलेल्याच्या फोनवर पोचेपर्यंत थोडा वेळ जातो. प्लेअर याला ‘पीकर्स ॲडव्हान्टेज’ म्हणतात. दोघांचा पिंग जितका जास्त, तितका हा फरक मोठा. म्हणजे खराब नेटवर्कवर लपून वाट बघणं हा शहाणपणाचा डाव वाटतो, पण तोच जास्त अंगाशी येतो.

सरासरी पिंगपेक्षाही त्याचं वरखाली होणं जास्त त्रास देतं. कायम 80 असेल तर हाताला सवय होते. 40 वरून एकदम 300 वर उडी मारली की काही करता येत नाही. घरात वायफाय असेल तर राउटरच्या जवळ बसणं, खेळताना बाकीचे डाउनलोड बंद ठेवणं, याने थोडाफार फरक पडतो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे पावलं ऐकायची असतील तर शंभर-दीडशे रुपयांचा वायरवाला हेडफोन कधी कधी महागड्या इअरबडपेक्षा बरा पडतो.

हा जुगार आहे का?

घरातल्या मोठ्यांचा खरा प्रश्न हा असतो. आणि त्याचं उत्तर 2025 पासून कायद्यात आहे.

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. यात गेम्सचे तीन भाग केलेत: ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम. पैसे लावायचे आणि बदल्यात पैसे जिंकायची आशा ठेवायची, तो मनी गेम. मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, त्यावर बंदी. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि 50 लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. या कायद्याला कोर्टात आव्हानही दिलं गेलंय.

बीजीएमआय, सिली वर्ल्ड, इंडस यात पैसे लावून पैसे जिंकायचे नसतात, त्यामुळे ते रमी किंवा पैसे लावून खेळायच्या फँटसी ॲप्सच्या रांगेत बसत नाहीत. पण म्हणून ते फुकट आहेत असंही नाही. बीजीएमआयमध्ये ‘यूसी’ नावाचं चलन खऱ्या पैशाने विकत घ्यायचं आणि त्यातून कपडे, बंदुकीचे रंग मिळणारे ‘क्रेट’ उघडायचे. क्रेटमध्ये काय निघेल हे उघडल्याशिवाय कळत नाही. बेल्जियमने 2018 मध्ये अशा ‘लूट बॉक्स’ना जुगारच ठरवलं. भारतीय कायद्यात अशी सरळ ओळ नाही. स्टेल्थच्या दृष्टीने बघितलं तर यात एक विनोदही आहे. लोक हजारो रुपये खर्चून झगमगता लाल-सोनेरी पोशाख घेतात आणि तो घालून गवतात लपायला जातात.

2021 मध्ये बीजीएमआय आला तेव्हा 18 वर्षांखालच्यांसाठी दिवसाला तीन तास आणि 7 हजार रुपये अशी मर्यादा ठेवली होती. वेळेचं ठीक. पण दिवसाला 7 हजार ही मर्यादा कुणाच्या घरासाठी ठरवली, हा प्रश्न पडतो. कापूस विकून वर्षाचा हिशेब बसवणाऱ्या घरात ही रक्कम मर्यादा ठरूच शकत नाही. त्यामुळे कंपनीच्या मर्यादेवर अवलंबून राहण्यापेक्षा प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याचा पर्याय चालू करणं, यूपीआयचा पिन मुलांना न सांगणं आणि फोनमध्ये कार्ड सेव्ह न ठेवणं जास्त कामाचं. गुगलचं फॅमिली लिंक ॲप वेळेची मर्यादाही लावून देतं.

‘फ्री यूसी’च्या लिंक आणि ‘मॉड’ केलेल्या एपीके फाइल हा आणखी एक सापळा. भिंतीपलीकडचं दाखवतो म्हणून टाकलेलं ॲप फोनमधले मेसेजही वाचू शकतं, आणि ओटीपी मेसेजमधूनच येतो. पैसे गेलेच तर सायबर गुन्ह्यांची राष्ट्रीय हेल्पलाइन 1930 आहे. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

उद्या गेमच नसला तर?

ऑनलाइन गेम विकत घेता येत नाही, वापरायला मिळतो. ‘मेटल गिअर ऑनलाइन’ची एक आवृत्ती 2012 मध्ये बंद झाली, दुसरी जुन्या कन्सोलवर 2022 मध्ये. ‘असॅसिन्स क्रीड: ब्रदरहूड’चे ऑनलाइन सर्व्हरही 2022 मध्येच बंद झाले. डिस्क घरात आहे, पण त्या बाजारात आता कुणी भेटत नाही.

भारतात हे आणखी अचानक होतं. पबजी मोबाइल 2020 मध्ये गेला. फ्री फायर फेब्रुवारी 2022 मध्ये गेला. 2 जुलै 2021 ला आलेला बीजीएमआय 28 जुलै 2022 ला स्टोअरवरून गायब झाला आणि 2023 च्या मे महिन्यात आधी तीन महिन्यांच्या परवानगीवर परतला. ज्यांनी त्याच काळात नोकरी-शिक्षण बाजूला ठेवून टुर्नामेंटची तयारी केली होती, त्यांचे ते दहा महिने कोरडे गेले. ई-स्पोर्ट्सला केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये क्रीडा विभागाखाली आणलं आणि 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यात पदकंही दिली गेली. पण क्रिकेटची बॅट कुणी स्टोअरवरून काढून टाकू शकत नाही, गेम काढू शकतं.

तरीही वर जायचा रस्ता आहे. बीजीएमआयच्या मुख्य स्पर्धेची, बीजीआयएसची 2024 ची अंतिम फेरी हैदराबादमध्ये झाली, एकूण बक्षीस 2 कोटी रुपये. सुरुवातीच्या फेऱ्या घरूनच ऑनलाइन खेळता येतात, आणि नेटवर्कचा खरा काच तिथेच असतो. अंतिम फेरीत सगळे एकाच हॉलमध्ये, एकाच कनेक्शनवर बसतात, त्यामुळे पुसदचा प्लेअर आणि पुण्याचा प्लेअर यांच्या पिंगमध्ये फरक उरत नाही. लांबचं गवत मात्र तिथेही कुणाला दिसत नाही.